डावा उलटा

माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान लोकांच्या घरी होम थिएटर बसवून देत. आम्ही त्यांना भावोजी म्हणायचो, दुकानदार कानसेन म्हणत. निवृत्तीनंतर घरात बसून माझा जीव उबगला, तेव्हा तेच म्हणाले, "दादा, चला माझ्याबरोबर. शिडी तरी धराल."

शिडी धरता धरता मी स्पीकरच्या तारा जोडू लागलो. रेघेची तार लाल खाचेत, बिनरेघेची काळ्या. एवढंच काम, तेही माझ्याकडून चुकायचं. एका स्पीकरला तारा उलट्या लागल्या की आवाज पोकळ होतो, खर्ज पळतो. भावोजी दारातूनच ओरडत, "दादा, डावा उलटा! सासरचा माणूस कामावर ठेवला, भोगतोय आता!"

वूफरची, म्हणजे खर्जाच्या स्पीकरची, जागा ठरवताना त्यांना पाहून लोक हसत. ते वूफर आधी सोफ्यावर, माणसाच्या जागी ठेवत आणि स्वतः भिंतीलगत रांगत. घुमारा भरीव लागेल तिथे खडूची फुली. मग वूफर फुलीवर आणि माणूस सोफ्यावर. नव्या मशिनबरोबर आवाज मोजणारा माईक येतो, तो त्यांनी कधी खोक्यातून काढला नाही.

गेल्या वर्षी शाळेतल्या एका बाईंकडे काम होतं. भावोजी रांगले, फुली मारली, वूफर तिथे ठेवला. गाणं लावून सोफ्यावर डोळे मिटून बसले. दोन मिनिटांत मला कळलं. मला, ज्याला जन्मात सूर कळला नाही. गाणारीचा आवाज समोरून यायचा, तो भिंतींत विरघळल्यासारखा झाला होता. आता ओरडतील म्हणून मी वाट बघत राहिलो.

"झकास," ते म्हणाले.

बाई चाचरत म्हणाल्या, "जरा पोकळ नाही वाटत?"

"नवा आहे, बाई. महिनाभर वाजू द्या, खुलेल."

हेच वाक्य ते एरवी अडाणी फिटरांची नक्कल करताना म्हणून दाखवत.

ते हात धुवायला गेले. मी मशिन बंद करून मागे वाकलो. डावाच होता. तारा बदलल्या, पुन्हा गाणं लावलं.

"अहो, आता कसा भरला!" बाई म्हणाल्या.

भावोजी दारात उभे होते. त्यांनी मान एकदा डावीकडे वळवली, एकदा उजवीकडे. मग माझ्याकडे पाहिलं.

"काय केलंत, दादा?"

खोटं बोलायला हवं होतं. जमलं नाही. "डावा उलटा होता."

त्यांनी बाईंना रिमोट समजावून दिला, फुली ओल्या फडक्याने पुसली. जिन्यात म्हणाले, "गेल्या महिन्यातल्या पाच घरी तुम्हीच जोडलंत ना?"

"हो."

"मी एकदाही ओरडलो नाही."

दुसऱ्या दिवशी आम्ही पाचही घरी गेलो. तीन ठिकाणी तारा उलट्या निघाल्या. कोणीच तक्रार केली नव्हती. महिनाभर तसंच ऐकत होते बिचारे.

त्यानंतर भावोजींनी काम घेतलं नाही. कानाला यंत्र आणलं. त्यातून माणसं कळतात, पण गाणं पत्रा वाजल्यासारखं येतं म्हणाले. आता ते खणात पडून असतं.

परवा त्यांच्याकडे बसलो होतो. बहिणीने आतून त्यांना तीनदा हाक मारली. ते खिडकीबाहेर बघत होते. मीच उठून आत गेलो.