पुढं मी, मागं हे

मंडळी, आज होटगी रोडवर दुकानातली, दोघांनी चालवायची टँडेम सायकल चालवून बघितली. पुढं मी, मागं आमचे हे. मागच्या वर्षी यांची नजर गेली, त्यानंतर आज पहिल्यांदा सायकलवर बसले.

वळताना मागून ट्रकचा हॉर्न वाजला. हे दचकून एका बाजूला झुकले आणि सायकल रस्त्याच्या मधोमध गेली. कशीबशी कडेला घेतली.

"उतरा. नको आपल्याला सायकल," मी रडकुंडीला आले.

"मला दिसत न्हाय, तू सांगत जा की! ट्रक आला, खड्डा आला, बोलत ऱ्हा."

मग दुकानातून दुसरी, जरा बुटकी टँडेम चालवून बघायला घेतली. मी बोलत राहिले, हे पायडल मारत राहिले. शेवटी तीच विकत घेतली.

आता म्हणतायत, "उद्या लांब जाऊ." मी हो म्हटलंय, पण तो हॉर्न अजून कानात वाजतोय. तुम्ही गेला असता का?