राखेनं घासलेली गाडी

आमच्या आईला घाण सहन होत नाही, आणि त्या वर्षी गावात पाणी नव्हतं. सगळा घोटाळा या दोन गोष्टींमुळे झाला.

लातूर नुकताच जिल्हा झाला होता. आम्ही सगळे उगाचच कॉलर ताठ करून हिंडत होतो, पण जिल्ह्याच्या घशाला कोरड होती. नळ कधीतरी यायचा, तोही करंगळीएवढा. आई भांडी कोरडीच घासायची. नारळाची शेंडी, चाळलेली राख आणि मनगटाचा जोर, मग वरून फडकं. तांब्या असा लखलखायचा की त्यात बघून भांग पाडावा.

अशा दिवसांत माझे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे नवरे, नांदेडहून नवीकोरी गाडी घेऊन आले. सायीच्या रंगाची. माणूस भला, पण गाडीच्या बाबतीत लई कडक. अक्काला आत बसायच्या आधी चपला झटकाव्या लागत. गल्लीतल्या कुणी काचेला नाक लावलं की दाजींचा रुमाल बाहेर. आईनं दारातच गाडी ओवाळली आणि तेलात कालवलेल्या कुंकवानं बॉनेटवर चांगलं ऐसपैस स्वस्तिक काढलं. दाजींचा हात रुमालाकडं गेला, पण सासूपुढं काय बोलतात!

दुसऱ्या दिवशी त्या दोघांना निलंग्याच्या पुढं दाजींच्या मावशीकडे जायचं होतं. "गाडी इथंच ऱ्हाऊ द्या, मामा," दाजी आमच्या वडिलांना, आप्पांना म्हणाले. "तिकडचा रस्ता खराब हाय. खडी उडून रंग जाईल. तुमच्या दारात सुखरूप ऱ्हाईल." किल्ली आप्पांच्या हातात देऊन ते एस्टीनं गेले. उद्या संध्याकाळी परत येणार होते.

मी कॉलेजातून आले तेव्हा आई पदर खोचून बॉनेटवर वाकलेली होती. हातात शेंडी, शेजारी राखेचं घमेलं.

"उन्हानं कुंकू पार चिकटलं होतं," ती घाम पुसत म्हणाली. "जावई यायच्या आत गाडी आरशावानी करून ठेवते. बघ, निघालं का न्हाई?"

कुंकू निघालं होतं. त्याच्याबरोबर रंगही निघाला होता. परातीएवढ्या जागेत नुसते ओरखडे, आणि मधूनमधून खालचा तांबूस थर दिसत होता.

"आई, अगं हे काय केलंस?"

"काय केलं? लोखंडच हाय की. तव्याला चालतं, कढईला चालतं."

मग तिनं फडक्यानं राख पुसली आणि तिलाच दिसलं. ती ओट्यावर मटकन बसली. मला आधी हसू आलं होतं, पण तिचा चेहरा बघून ते विरलं. "मला काय बोलतील ते बोलू दे," ती म्हणाली. "पण माझ्या लेकीला जन्मभर ऐकून घ्यावं लागंल. तुझ्या आईनं गाडीची कढई केली म्हणून." तिला काळजी होती ती एवढीच. अक्का आमची मुळूमुळू रडणारी, उलटून बोलणारी नव्हे.

आप्पांचं कापडाचं दुकान होतं. ते आले, बॉनेटवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "चला, पेंटरकडे."

गाडी चालवता आमच्या घरात कुणालाच येत नव्हती. मग आप्पा स्टिअरिंगला आणि गल्ली ढकलायला. किराणावाले, टेलर, समोरचे मास्तर, सगळे लागले. ज्याला त्याला "काय झालं?" विचारायचं होतं आणि ज्याला त्याला आप्पा खरं सांगत होते. गॅरेजपर्यंत पोचेतो जावई सोडून सबंध लातूरला बातमी कळली होती.

पेंटर चाचांना त्या दिवसांत मरायला सवड नव्हती. जिल्हा नवा, कचेऱ्या नव्या, म्हणून ते पाट्याच रंगवत होते. भिंतीला टेकवलेल्या एका पाटीवर नुसतं 'जिल्हा' एवढंच झालेलं होतं. बॉनेट बघून त्यांनी ब्रश खाली ठेवला. "सेठ, ये किसने किया?"

"घरच्यांनी," आप्पा म्हणाले.

चाचा पोट धरून हसले, आणि पाटी तशीच ठेवून कामाला लागले. पण काम करायला पाणी हवं. पाणीपेपरनं, म्हणजे ओल्या पॉलिश पेपरनं घासायचं तर पाणी, धूळ उडू नये म्हणून जमिनीवर शिंपडायचं तर पाणी. मी घरी पळाले. आईनं देवघरात झाकून ठेवलेली घागर माझ्या कमरेवर दिली. तिच्यामागोमाग शेजारणींनीही तांब्या-तांब्यानं पाणी आणलं. प्यायचं पाणी होतं ते.

रंग जुळवताना खरा तमाशा झाला. चाचांनी पांढऱ्यात जरासा पिवळा घातला, डब्याच्या झाकणावर फवारला, वाळवला आणि गाडीच्या दाराशेजारी धरला. "देखो, बराबर!"

"पिवळट मारतोय," आप्पा म्हणाले.

"मैं रंग में बुड्ढा हुआ, सेठ."

"आन् मी ब्लाऊजपिसात म्हातारा झालो. उजेडात आणा."

झाकण उन्हात गेलं, सावलीत गेलं, परत उन्हात आलं. साडीवर पीस जुळवताना आप्पा जसे डोळे बारीक करतात तसे केले. चाचा म्हणाले काळ्याचा थेंब, आप्पा म्हणाले तपकिरी. दोघं इतके भांडले की चहा दोनदा गार झाला. शेवटी दोन्ही थेंब घातले. झाकण दाराशेजारी धरलं तर वेगळं दिसेना, आणि प्रत्येकानं आपल्याच थेंबानं जमलं असं सांगितलं. चाचांनी काचांवर वर्तमानपत्रं चिकटवली, नाकावर रुमाल बांधला आणि फवारणी केली. दुसऱ्या दिवशी दुपारी पॉलिश मारून झालं. गल्लीनं गाडी परत ढकलत आणली.

संध्याकाळी दाजी आले. गाडीभोवती एक चक्कर मारली, मान हलवली आणि हातपाय पुसून जेवायला बसले. आप्पांनी मला डोळ्यानं खुणावलं: जमलं. सगळं तिथंच संपायला हरकत नव्हती. पण आई पोळी वाढता वाढता दाजींसमोर थांबली.

"बापू, तुमची गाडी मी राखेनं घासली. रंग गेला होता. ह्यांनी लावून आणला."

आप्पांनी कपाळाला हात लावला. "कशाला सांगितलंस?"

"मग काय जावयाच्या ताटात खोटं वाढू?" आई म्हणाली. "बोलायचं ते मला बोला, बापू. तिला न्हाई." अक्का रडायच्या तयारीत होतीच, ती रडायला लागली.

दाजी जेवण टाकून उठले. आम्ही सगळे मागोमाग. त्यांनी बॉनेटवर वाकून बघितलं, बाजूनं बघितलं, बसून बघितलं. "कुठं?"

"हितं," आईनं बोट दाखवलं. मग म्हणाली, "न्हाई, हितं." मग ती स्वतःच वाकून शोधू लागली. सासू-जावई दोघं डोक्याला डोकं लावून शोधत होते आणि डाग सापडत नव्हता. "हितंच तर होतं की, मेलं!" आई चिडून म्हणाली, आणि दाजींना हसू फुटलं. मी त्यांना असं मोकळं हसताना कधी पाहिलं नव्हतं. हसताहसता ते गाडीलाच टेकले.

"मामी, चला," ते म्हणाले. "परवा सगळ्यांना चक्कर मारून आणली, तुम्हीच ऱ्हायल्या. पुढं बसा."

"आधी जेवण करा."

"आल्यावर."

आई पुढं बसली, मी आणि अक्का मागं. औशाच्या रस्त्याला खड्डा आला तशी आई उडाली, तरी तिचे दोन्ही हात मांडीवर एकमेकांत घट्ट.

"मामी, धरा की कशाला तरी. पडाल."

"नको, बापू," आई म्हणाली. "माझा हात लई जड हाय."

दाजींनी गाडी बाजूला घेतली आणि थांबवली, कारण हसू आवरून गाडी चालवणं त्यांना जमेना. मग आईही हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत, आणि तेवढ्यात तिनं पहिल्यांदा आधाराला दाराची मूठ धरली.