ज्याची त्याची भाकरी

जव्हार संस्थानच्या कचेरीत कारकून लागल्यावर मी पेठेतल्या एका घरगुती खाणावळीत जेवू लागलो. नवरा पाणी भरी, सासू आमटी करी आणि भाकऱ्या सून थापी. बाजाराच्या दिवशी पाड्यांवरची माणसं घरचं नागलीचं पीठ फडक्यात बांधून आणत आणि ती ज्याची त्याला वेगळी भाकरी करून देई. पण फडकं सोडलं की आधी चिमूटभर पीठ बोटांत चोळून बघे. बाई भलतीच संशयी, असं मला वाटे. नक्की काय शोधते, ते मात्र कळेना.

एकदा सूर्यमाळच्या एका म्हाताऱ्याचं पीठ तिनं चोळलं आणि पाठ फिरवून आपल्या मडक्यातलं ओंजळभर त्यात मिसळलं. मी बघतोय, हे तिच्या लक्षात आलं.

“निम्मा कोंडाच आहे, भाऊसाहेब,” ती हळूच म्हणाली. “भाकरी तुटेल. चारचौघांत त्यांना तुकडे कसे वाढू?”

म्हातारा ओट्यावर बसून सावकाश जेवला. हात धुताना शेजारच्याला ऐटीत म्हणाला, “आमचे माळाची नागली हाय ही. अशी चव खाली कुठं नाय.”

मी तिच्याकडे पाहिलं. परातीतून मान वर न करता ती म्हणाली, “नाहीच मिळायची, बाबा.”