एका तारेवर पाच ड्रायर

त्या दिवशी सकाळपासून मी तंजावूरबाहेरच्या एका भातगिरणीत कॉम्प्युटर जोडून देत होतो. भात वाळवायचे पाच ड्रायर, प्रत्येकावर तापमानाचं एक मीटर, आणि कॉम्प्युटरला तार जोडायचा सिरीयल पोर्ट मात्र एकच. म्हणून पाचही मीटर एकाच तारेवर जोडली होती. प्रत्येकाला वेगळा नंबर असतो; कॉम्प्युटर ज्याचा नंबर पुकारेल त्यानेच उत्तर द्यायचं, बाकीच्यांनी गप्प राहायचं. पण पहिल्याला पुकारलं की पडद्यावर नुसती वेडीवाकडी अक्षरं येत, आणि तिसरं उत्तरच देत नव्हतं.

दुपारपर्यंत मी तीनदा लोखंडी जिना चढून वरच्या मीटरांची जोडणी तपासली. साठीला आलेले गुडघे आता ऐकत नाहीत. शेवटी पायरीवरच बसलो. गिरणीचे म्हातारे ऑपरेटर जवळ आले आणि तमिळमध्ये म्हणाले, "सर, तिसऱ्याचं मीटर मागच्या महिन्यात बदललंय. कुणी सांगितलं नाही?"

कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं. नवं मीटर कारखान्यातून येतं तेव्हा त्याचा नंबर नेहमी एक असतो. म्हणजे एका हाकेला दोघं बोलत होते. मी पुन्हा चढलो, त्याचा नंबर तीन केला, खाली येऊन कॉम्प्युटरसमोरच्या खुर्चीत बसलो, आणि पाचही आकडे पडद्यावर आले.

"आता तुम्हाला आकडे बघायला दर तासाला वर जायला नको," मी म्हणालो.

त्यांनी आकडे पाहिले, मान हलवली आणि जिन्याकडे वळले. "भात हातात घेतल्याशिवाय मला कळत नाही, सर."

त्यांच्यामागे जावंसं वाटलं, पण पाय उचलेना. मी खुर्चीतच बसून राहिलो.