झाडूचं पान

पावडर लावून, गजरा माळून, महेश्वरी नेसून झाडू धरायला गेलेली बाई अख्ख्या इंदुरात एकच असेल. ती मी.

हसा. मी पण हसते. नऊ वर्षं झाली, माझी नात रेवा आता अकरावीत गेली, तरी पावडरचा डबा हातात घेतला की ती येडी मला आरशात दिसते. पन्नाशी उलटलेली घोडी, आणि चालली होती नवरीसारखी. साडी लालबागच्या मेळ्यात घेतलेली. एकदाच नेसलेली, मुलाच्या लग्नात.

तुकोगंजच्या एका खाजगी शाळेत मी आया होते. लहान वर्गांच्या पोरांना शू-शीला न्यायचं, धुवायचं, नाकं पुसायची, वर्ग झाडायचे, कुणाला उलटी झाली की भुसा टाकायचा. त्याच शाळेत रेवा दुसरीत होती. सरकारी नियमाने गरिबांच्या पोरांना अशा शाळांत थोड्या जागा फुकट असतात, त्यात तिचा नंबर लागलेला. तिचा बाप, म्हणजे माझा मुलगा, पोलोग्राउंडच्या कारखान्यात खराद मशीनवर, लोखंड कातायला. त्याला सुट्टी कुठली. तिला आणायची मी, न्यायची मी. पण गेटच्या आत पाय टाकला की मी तिची कुणी नाही.

हे मीच ठरवलं होतं. पहिल्याच दिवशी तिला बजावलं, "शाळेत मला आजी म्हणायचं नाही. सगळे मौसी म्हणतात, तू पण मौसी म्हण."

"का?"

"पोरं चिडवतील."

तिने मान हलवली. सहा वर्षांची पोर, दीड वर्ष एकदाही चुकली नाही. आणि मी स्वतःला हुशार समजत होते.

दुसरीच्या मॅडम मराठी. त्यांचे आजोबा संस्थानाच्या दरबारात मोठे अंमलदार. माझे आजेसासरे त्याच संस्थानाच्या पागेत, लीद उचलायला. मी नोकरीला लागले तेव्हा मॅडमनी माझं आडनाव विचारलं होतं. ऐकलं, जरा थांबल्या, आणि म्हणाल्या, "अच्छा, म्हणजे तुम्ही आपल्यातल्याच. मतलब, मराठी." त्यांच्या चहाचे कप स्टाफरूमच्या कपाटात असत. माझा स्टीलचा ग्लास खिडकीच्या जाळीत अडकवलेला असे. कुणी अडकवला, कुणी सांगितलं, काही नाही. पहिल्या दिवसापासून तो तिथेच.

तर या मॅडम दिल्लीला कसलंसं ट्रेनिंग करून आल्या आणि वर्गात पुस्तकांचा कोपरा झाला. जाड गुळगुळीत चित्रांची पुस्तकं, सगळी विलायती. चित्रांतून पोरांना शिकवायचं की जगात नाना तऱ्हेची माणसं असतात आणि सगळी बराबर असतात. कुरळ्या केसांची काळी मुलगी, पगडीवाला मुलगा, चाकांच्या खुर्चीतला मुलगा, बर्फात राहणारी पोरं. इंग्रजी मला येत नाही, मी मराठी आठवी. पण चित्रं कुणाच्या बापाची नसतात. कोपरा पुसायचं काम माझं, म्हणून मी रोज पुसता पुसता बघायची. खरं सांगते, आवडायची मला ती पुस्तकं. अजून आवडतात. पुस्तकांवर माझा राग नाही.

त्यातल्या एका पुस्तकाचं शेवटचं पान मला पाठ होतं. लांबच लांब टेबल, आणि त्याच्याभोवती जगभरच्या आज्या आपापली नातवंडं मांडीवर घेऊन जेवायला बसलेल्या. एकीने डोक्याला फडकं गुंडाळलेलं, एकीच्या गालावर गोंदण. एक साडीवाली पण होती. पांढरे केस, चष्मा, गळ्यात मोती. मॅडमच्या घरची वाटायची. मी मनातल्या मनात तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसायची. भुसा-फडकं बाजूला ठेवून.

एक दिवस सुट्टीच्या वेळी मॅडम म्हणाल्या, "मावशी, उद्या माझ्या बुकच्या पिरियडला या. त्या बुकमध्ये तुम्ही पण आहात."

"मी? बुकात?"

"हो ना. तुमच्याशिवाय आमचं चालतं का?"

आता सांगा, काय समजायचं? मी समजले की मॅडमना रेवाचं कळलं. मी समजले की शेवटच्या पानाची आजी म्हणून मला बोलावलंय. शेजारणीला सांगून टाकलं. संध्याकाळी रेवाला समोर बसवून म्हटलं, "उद्या वर्गात मला आजी म्हण बरं का. जोरात म्हण."

तिचा चेहरा असा उजळला की काय सांगू. "सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर."

मग पाठ केली मी गोष्ट. आजेसासरे सांगायचे ती. पागेतली एक घोडी राजाला पाठीवर बसू देत नव्हती, लीद काढणाऱ्याला देत होती. तीन वेळा आरशासमोर म्हणून बघितली, हातवारे करून.

दुसऱ्या दिवशी वर्गात गेले. पोरं सतरंजीवर बसलेली, मॅडम खुर्चीवर, मांडीवर पुस्तक. मला बघून मॅडम हसल्या. "अरे वा मावशी, आज कुठे लग्न आहे?" पोरं हसली. मी पण हसले. मला वाटलं कौतुक आहे.

पुस्तक उघडलं. शेवटचं पान नव्हतं ते. मधलं होतं. कामं करणारी माणसं: पोस्टमन, आग विझवणारा, आणि रस्ता झाडणारा एक विलायती माणूस, निळी टोपी, गुलाबी गाल.

"झाडू कुठे आहे, मावशी?" मॅडम म्हणाल्या. "झाडूशिवाय मुलांना कसं कळेल?"

इथे मी नाही म्हणायला हवं होतं. इथेच. पण मी गेले. आणला. आणि ऐका माझी अक्कल: रोजचा घासलेला नाही आणला. स्टोअरमधून नवा काढला, वरचा कागद फाडून. चित्रातल्या झाडूपेक्षा आपला वाईट दिसायला नको म्हणून.

उभी राहिले. एका हाताला पुस्तकातला झाडूवाला, एका हाताला मी.

मॅडम पोरांना हिंदीत म्हणाल्या, काही विचारायचं असेल तर विचारा. पहिल्या रांगेतला एक गोरा गोबरा पोरगा उठला. त्याला मी कितीदा धुतलं होतं. म्हणाला, "मौसी, आप बाथरूम भी साफ करती हैं?"

"हां बेटा."

"तो आपके हाथ स्मेल करते हैं?"

मॅडम म्हणाल्या, "गुड क्वेश्चन." उत्तर नाही दिलं. म्हणाल्या, "मौसी भी हम जैसी ही हैं. सब लाइन बनाओ, हाथ मिलाओ, थँक यू बोलो."

रांग लागली. एकेक मऊ हात माझ्या हातात येत होता. थँक यू मौसी. थँक यू मौसी. मी वाकून वाकून हात मिळवत होते, दुसऱ्या हातात झाडू. आणि रांग पुढे मॅडमच्या टेबलाकडे जात होती. तिथे सॅनिटायझरची बाटली. प्रत्येक पोर हात पुढे करत होतं, मॅडम दोन थेंब टाकत होत्या, पोर हात चोळत जागेवर जाऊन बसत होतं.

रेवा तेरावी का चौदावी. माझ्यासमोर आली. वर बघितलं. तोंड उघडलं होतं तिने. "आ" तयार होता ओठांवर, मला दिसला.

मी मान हलवली. नाही.

इतकीशी हलवली, कुणाला दिसली नसेल. तिला दिसली.

"थँक यू मौसी," ती म्हणाली. हात मिळवला. टेबलाकडे गेली. हात पुढे केला. दोन थेंब. चोळले. बसली.

मी वर्ग झाडून बाहेर आले. हो, झाडला. नवा झाडू हातात होताच.

घरी जाताना मीच बोलत सुटले. मॅडम चांगल्या आहेत, जंतू असतात, सगळ्यांनाच लावतात. बोलत होते आणि ऐकू मलाच येत होतं, बाई किती हलकट बोलतेय. पोर माझं बोट धरून चालत होती. मध्येच तिने बोट सोडलं, आपला तळहात नाकाशी नेला, हुंगला.

"आजी, मी घरी तुझ्या हातून जेवते ना?"

"हो."

"मग माझ्या हाताला पण वास येतो का?"

मी पन्नास वर्षं खूप काही गिळलं. ग्लास गिळला. "आपल्यातल्याच, मतलब मराठी" गिळलं. ते सगळं माझ्या पोटात होतं, मला वाटायचं तिथेच राहील. ते त्या पोरीच्या तळहातावर आलं होतं. आणि आणून ठेवणारी मी. मानेने.

मी रस्त्यात खाली बसले, तिचा हात धरून हुंगला. लिंबाचा वास येत होता. औषधी लिंबाचा. "तुझ्या हाताला त्यांच्या बाटलीचा वास येतोय," मी म्हटलं. "आपला नाही."

आठ दिवसांनी पालकांना वर्ग बघायला बोलावलं होतं. मॅडम म्हणाल्या, "मावशी, परवासारखंच करायचं. साडी मात्र साधी नेसा या वेळी."

साधी नेसले. झाडू नेला नाही.

आई-बाप मागे पोरांच्या छोट्या खुर्च्यांवर गुडघे वर करून बसलेले. मॅडमनी मधलं पान उघडलं. "मावशी, झाडू?"

"नाही आणला."

"आणा ना पटकन."

"नाही आणत."

मॅडमना वाटलं मला ऐकू आलं नाही. मी पुढे गेले. त्यांच्या मांडीवरच्या पुस्तकाचं शेवटचं पान उघडलं. हिंदीत बोलले, सगळ्यांना कळावं म्हणून. "मैं रेवा की दादी हूं. मैं इस पन्ने पर आई हूं. उस पर नहीं."

मग रेवाला हाक मारली. ती उठली नाही. मान खाली. वर्ग सगळा तिच्याकडे बघत होता. मी थांबले. मग ती उठली, आली, माझ्या शेजारी उभी राहिली. हात धरला नाही. आजी म्हणाली नाही. उभी राहिली फक्त. तेवढंच मिळालं मला, आणि तेवढंच माझ्या कर्माचं होतं. दीड वर्ष मीच तर शिकवलं होतं.

पालक बघत होते, म्हणून मॅडम हसत पुढे आल्या आणि त्यांनी हात पुढे केला. "अरे, हमें तो पता ही नहीं था." मी त्यांचा हात धरला. नीट धरला, हलवला, सोडला. मग टेबलावरची बाटली उचलली आणि माझ्या तळहातावर दोन थेंब टाकले. चोळले. सावकाश. बोटांच्या मध्ये सुद्धा.

मग पहिल्या रांगेतला तोच गोबरा उठला.

"मौसी, मॅडम के हाथ स्मेल करते हैं?"

मी म्हटलं, "गुड क्वेश्चन." आणि उत्तर दिलं नाही.

त्याच दुपारी मला वर्गांवरून काढून वरच्या मजल्यावरच्या बाथरूमांवर टाकलं. फक्त बाथरूम, दिवसभर. त्यांना वाटलं मी सोडून जाईन. मी सहा वर्षं काढली तिथे. खिडकीतला ग्लास घरी नेला आणि स्टाफरूमच्या कपाटातून कप घेऊन चहा प्यायला लागले. कुणी अडवलं नाही, पण तो कप नंतर दुसऱ्या कुणी वापरला नाही. ठीक आहे. माझा झाला. रेवा गेटवर मला आजी म्हणायला लागली, पण सहा महिन्यांनी, आणि आधी हळू.

शाळेत नवी आया आली की पहिल्या दिवशी मी तिला गाठायची. नोकरी सुटली तरी अजून गाठते, शाळा सुटायच्या वेळी गेटबाहेर उभी राहून. सांगते की झाडू फरशीसाठी आहे. पुस्तक घेऊन कुणी बोलावलं तर आधी विचार, कुठलं पान. झाडूचं असेल तर जायचं नाही, आणि आपण नाही गेलो म्हणून दुसरीला पण जाऊ द्यायचं नाही. तुम्ही म्हणाल, म्हातारे, तुझं झालं ना, आता घरी बस. नाही बसणार. कारण त्या दिवशी मला वाटत होतं मी जिंकले. वर्गाबाहेर आले, जिन्यात मॅडम मागून आल्या, माझ्या खांद्याला हात लावला, आणि अगदी आपुलकीने, आपल्या मराठीत, मला म्हणाल्या:

"मावशी, आधी सांगून द्यायचं ना. आम्ही दुसऱ्या कुणा बाईला उभं केलं असतं."