वहीची पहिली ओळ

कोणीतरी रानात डबा लपवतो, त्याची जागा मोबाइलवर टाकतो. आपण तो हुडकायचा, आतल्या वहीत नाव लिहायचं आणि डबा परत तिथंच ठेवायचा. जिओकॅशिंग म्हणतात याला. नेसरीहून माझ्याकडं कोल्हापूरला आलेल्या आण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, हे सांगितलं.

"डबा आणायचा न्हाय?"

"नाही."

"शिकून हेच करतीस व्हय?" म्हणाले, आणि चपला घालून तयार.

बिद्रीच्या बाजूला एका टेकडीवर नवा डबा लागला होता. वही कोरी. पहिल्या ओळीवर नाव लागणं हा या खेळातला मोठा मान, आणि तो मला कधीच मिळाला नव्हता. या डब्याची वाट अंधार पडल्याशिवाय कळत नाही. झाडांना नखाएवढे ठिपके टोचलेले असतात, ते बॅटरीच्या उजेडात चमकतात.

दिवस मावळताना आम्ही निघालो. मी, आण्णा आणि ऑफिसातले दोघं मित्र. त्याच डब्यासाठी दुसरा एक गट आधीच वर चढला होता. चार ठिपके घावले, पाचवा काही दिसेना.

"ते बघ, लाल! दोन आहेत!" एक मित्र ओरडला. आम्ही पळालो. उसाची ट्रॉली उभी होती, तिच्या मागचे रिफ्लेक्टर!

"काय हुडकाय लागलाय, पावणं?" ड्रायव्हरनं विचारलं.

"डबा," मी म्हणाले. तो बघतच राहिला.

आण्णा सावकाश आले. "लांबनंच वळखली मी. जल्मभर ट्रॅक्टरनं असल्याच वढल्यात की."

"काका, आधी सांगायचं ना!"

"इचारलं कुठं? पळालासा."

मग त्यांची नजर माझ्या हाताकडं गेली. बॅटरी मी कमरेशी धरली होती.

"कानाला लाव ती. उजीड जिथनं जातोय तिथंच माघारी येतोय. डोळा तिथं पायजे."

मी फिजिक्सची पदवीधर. आमच्या घरात कॉलेजला गेलेली पहिलीच. आल्या वाटेनं परत जाणाऱ्या प्रकाशाची आकृती पट्टी लावून काढली होती, पैकीच्या पैकी मार्क घेतले होते. आणि बॅटरी कमरेला! कानाशी नेली, तसा बांधापलीकडच्या बाभळीवर पाचवा ठिपका लकाकला. त्याच्या वर सहावा. मग थांबलोच नाही. त्या दुसऱ्या गटाचे उजेड पलीकडच्या उतारावर खाली-वर हिंडत होते.

शेवटच्या ठिपक्याखाली दगडांत डबा होता. वही उघडली. कोरी.

बाकीचे लोक वहीत टोपणनावं लिहितात. मी पदवीच्या कागदावर आहे तस्सं लिहिलं: माझं नाव, मधे आण्णांचं, मग आडनाव. बॅटरी आण्णांनी धरली होती.

"माझं कशाला घातलंस?"

"माझं नाव असंच आहे, आण्णा."

वही मात्र त्यांनी मला बराच वेळ मिटू दिली नाही.

उतरताना ट्रॉली तिथंच होती. "घावला काय वो डबा?" ड्रायव्हरनं हाळी दिली.

"घावला की!"

"काय निघालं त्यात?"

"वही!" आण्णा टेकडीला ऐकू जाईल असे ओरडले. "पयलं नाव आमच्या पोरीचं हाय!"