अक्सुममधली संकष्टी

गाडीने शेवटचं वळण घेतलं आणि अक्सुमचे दगडी स्तंभ समोर आले. इथिओपियाच्या या जुन्या राजधानीत राजांच्या थडग्यांवर ते उभारलेले आहेत. प्रत्येक स्तंभ एकाच अखंड दगडाचा. खाली दार, वर मजल्यावर मजले, खिडक्या; सगळं कोरीव, आत शिरायला जागा कुठेच नाही. असला दिमाख मला आवडतो.

गेल्या हिवाळ्यात ओटावात बर्फावरून गाडी घसरून माझ्या लेकीचा, गौरीचा, पाय मोडला. ती काठीशिवाय चालेपर्यंत मी संकष्टी धरली. तिची फिजिओथेरपिस्ट अल्माझ मूळची अक्सुमची. "चालायला लागलीस की आमचे दगड बघून ये," म्हणून गौरीला दामटायची. काठी सुटली, गौरीने तिकिटं काढली आणि नवसाची शेवटची संकष्टी नेमकी इथे आली.

सगळ्यांत मोठा स्तंभ तुकडे होऊन आडवा पडलाय. आमचा वाटाड्या तेस्फाय इंग्रजीत म्हणाला, "उभा करतानाच पडला असावा." गौरी त्याला पूर्ण वळसा घालून आली. खरं सांगते, मी दगडाकडे कमी आणि तिच्या पायांकडे जास्त बघितलं.

दुपारी अल्माझच्या आईकडे जेवण होतं. माझा उपास असल्याचं तेस्फायने आधीच कळवलेलं. बाई खूश! बुधवार असल्यामुळे त्यांचाही त्सोम (उपास) होता. त्यांनी मोठं ताट पुढे ठेवलं: इंजेरा (आंबवलेल्या पिठाचं जाळीदार धिरडं), मसूर आणि शिरो (आपल्या पिठल्यासारखं). मला घाम फुटला. खावं तर नवस मोडतो, न खावं तर म्हातारीचं मन मोडतं.

"आई, जस्ट ईट इट. गणपती वोन्ट माइंड."

"तू गप्प बस," म्हटलं आणि तेस्फायला खरं काय ते सांगितलं. त्याच्यामार्फत बाईंनी विचारलं, "मग चालतं काय?"

"बटाटा, दाणे, दूध."

"दूध? उपासाला?" त्या तोंडावर हात ठेवून हसत सुटल्या. त्यांच्या उपासाला दूध अजिबात चालत नाही. तरी त्यांनी बटाटे उकडले, शेजारून दूध आणून तापवलं. शिरो आणि इंजेरा बांधून दिलं. चंद्रोदयानंतर मी त्यावरच उपास सोडला.

निघताना मी म्हटलं, "उद्या तुम्हीही दूध प्या." त्यांनी नकारार्थी मान हलवली. इथल्या युद्धात फोन बंद पडले, लेकीचा आवाजही ऐकू येईना, तेव्हा त्यांनी दूध सोडलं होतं. लेक या दारात येईपर्यंत घ्यायचं नाही.

"तिला सांगू नका. तिला कामं असतात," त्या म्हणाल्या. मी हो म्हटलं. त्यांनी माझा हात धरला तेव्हा मला रडू आवरलं नाही.

ओटावाच्या विमानतळावर अल्माझ आम्हाला न्यायला आली. गाडीत बसताच तिने विचारलं, "आई कशी आहे? तुम्हाला काय खायला घातलं?"

हमरस्ता यायच्या आत मी सगळं सांगून टाकलं. तिने गाडी कडेला घेतली. मग गौरीला म्हणाली, "तुझ्या पुढच्या अपॉइंटमेंट्स दुसऱ्या कुणाकडे घे. मी घरी चाललेय."

लेकीसाठीचा नवस मी निगुतीने पाळला आणि एका आईला दिलेला शब्द आठवडाभरही टिकवला नाही. दोन्हीचं मला सारखंच समाधान आहे.